बोलणारी मुलगी

"या वर्षी कितव्या मजल्यावरून पाडणार आहेस मला?" बाबांनी विचारलं.

मुंगी कपाटाच्या आरशासमोर भाषण म्हणत होती. ती थांबली. "दुसऱ्याच. दर वर्षी दुसराच असतो."

"पहिल्या वर्षी पहिला होता."

"तुम्हीच म्हणाला होतात, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये."

"मग मध्येच ठेवायचं. पण मध्ये म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही, काय?"

"गप्प बसा हो," आई आतून म्हणाली. "तुमच्या त्या पडण्यावर पोरीची तीन वर्षांची फी भरली. उभे होतात तेव्हा एवढं कमावलंत का कधी?"

बाबा जोरात हसले, मग खुबा दुखला म्हणून थांबले. ते लिफ्टचे मेकॅनिक होते. मुंगी दहावीत असताना ते लिफ्टच्या पोकळीत पडले, आणि तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शेजाऱ्यांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. चादरी धुऊन धुऊन तिच्या बोटांची टोकं नेहमी पांढरी, सुरकुतलेली असत. मुलीला दोघं मुंगी म्हणत, कारण ती लहानपणापासून हातात काहीतरी धरून, मान खाली घालून, सरळ रेषेत चालायची.

विद्यापीठात तिची फी दात्यांच्या निधीतून यायची. फीच नव्हे, बसचा पास, पुस्तकं, पहिल्या वर्षी गणित कच्चं होतं तेव्हाची शिकवणी, आणि दुसऱ्या वर्षी चष्मा. फळ्यावरचं दिसत नाही हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. निधीच्या बाईंनीच ते ओळखलं, हाताला धरून दुकानात नेलं. त्या वर्षी मुंगी वर्गात पहिली आली. निधी नसता तर ती आईच्या शेजारी उभी राहून चादरींच्या घड्या घालत असती, हे तिला माहीत होतं, आणि ते ती कधी विसरत नव्हती.

भाषणाचं असं झालं, की पहिल्या वर्षी निधीच्या सगळ्या मुलांना दात्यांसमोर दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी आभार मानले. मुंगी घाबरून आभार मानायचंच विसरली. वर्गात उत्तर द्यावं तसं ती म्हणाली, "माझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. एक दिवस लिफ्ट वर राहिली आणि ते खाली गेले." आणि पुढचं वाक्य आठवेना म्हणून गप्प राहिली. सभागृहात कुणी चमचासुद्धा वाजवला नाही. पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ रुमाल काढून नाक पुसू लागले. त्यांचा बाटल्यांची झाकणं बनवण्याचा मोठा कारखाना होता, मुलं त्यांना झाकणवाले आजोबा म्हणत. त्यांनी त्याच दिवशी आणखी चार मुलांची फी देऊ केली.

तेव्हापासून मुंगी ही निधीची बोलणारी मुलगी झाली. जेवणं, चहापान, नव्या वाचनकक्षाचं उद्घाटन, कुठेही दाते येणार असले की तिला बोलावणं यायचं. निधीच्या बाई तिला शिकवत. "खाली गेले, इथे थांब. मनात चारपर्यंत मोज. मग डिग्रीकडे ये." ती चारपर्यंत मोजायची. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, "आणि या वर्षी मी पदवीधर होणार आहे." पहिल्या वर्षी त्या जागी 'एक दिवस' होतं.

आता ते 'या वर्षी' झालं होतं. त्यासाठी फक्त शेवटच्या सत्राचा प्रकल्प उरला होता. तो पास झाल्याशिवाय पदवी नाही, मग बाकीच्या विषयांत कितीही मार्क असोत.

तिचा प्रकल्प फळमाश्यांवर होता. पिकलेल्या फळावर घोंघावतात त्याच, तिळाएवढ्या. त्यांचे डोळे लाल असतात. सरांच्या प्रयोगशाळेत एका बाटलीत तपकिरी डोळ्यांच्या माश्या निपजल्या होत्या, आणि हा रंग आईबापांकडून मुलांकडे कसा जातो ते तिला शोधायचं होतं. तपकिरी माद्यांची लाल नरांशी जोडी लावायची, त्यांची पिल्लं बघायची, मग नातवंडं मोजायची.

"म्हणजे लग्नं जुळवतेस," आई म्हणाली होती. "पत्रिका कोण बघतं?"

"पत्रिका नाही, पण मुलगी आधी कुणाची झालेली नको," मुंगी म्हणाली, आणि बाबांनी कानावर हात ठेवले.

पण अडचण खरी तीच होती. फळमाशीची मादी कोषातून बाहेर पडली की साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. त्यानंतर तिचा भरवसा नाही. आणि एकदा का एखाद्या नराचं बीज तिने घेतलं की ते ती कितीतरी दिवस पोटात साठवून ठेवते, वरून काही कळत नाही. म्हणून सकाळी बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या, आणि दुपारी, आठ तासांच्या आत, नव्या जन्मलेल्या माद्या वेगळ्या करायच्या. त्यांना ईथरची हलकी भूल द्यायची, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पसरायच्या, आणि बारीक कुंचल्याने नर एकीकडे, माद्या एकीकडे सरकवायच्या. मुंगीला हे काम मनापासून आवडे. कुंचला हातात असला की तिचं खांद्यापासूनचं सगळं शरीर शांत होई.

त्या वर्षीचं पहिलं जेवण दुपारी होतं. तिने सकाळी बाटली रिकामी केली आणि जेवून लगेच परत यायचं ठरवलं. पण झाकणवाल्या आजोबांनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"पोरी, सध्या काय करतेस?"

"माश्या सांभाळते, आजोबा."

"आमच्या कारखान्यात माश्या मारायला माणूस ठेवलाय, आणि तू सांभाळतेस?"

तिला हसू आलं. ती सांगू लागली. आजवर कुठल्या दात्याने तिला बाबांच्या पडण्याशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. आजोबा मात्र नीट ऐकत होते, मध्ये नेमके प्रश्न विचारत होते. जेवण संपलं, वाचनकक्ष बघून झाला, तरी ते म्हणाले, "हां, मग ती मादी बीज साठवते म्हणालीस, ते कुठे?" मुंगीने सांगितलं. ती माश्यांबद्दलच बोलत होती, म्हणून तिला वेळेचं भान राहिलं नाही.

प्रयोगशाळेत पोचली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. बाटलीत माश्या उडत होत्या. नुकत्या जन्मलेल्या मादीचं अंग फिकट असतं आणि पोटात एक काळा ठिपका दिसतो, काही तासांनी तो नाहीसा होतो. ठिपका स्पष्ट असलेल्या माद्या चारच निघाल्या. चार पुरणार नव्हत्या. ज्यांच्या पोटात ठिपका असल्यासारखा वाटत होता, त्याही तिने घेतल्या. दिवसभर लोकांनी तिचं कौतुक केलं होतं, आणि त्या संध्याकाळी तिचा स्वतःच्या डोळ्यांवर एरवीपेक्षा जास्त विश्वास होता.

पिल्लं बाहेर आली तेव्हा लाल डोळ्यांच्या गर्दीत तपकिरी डोळ्यांच्याही होत्या. मुंगी सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली.

"काय झालं?" शेजारच्या टेबलावरून लंबूने विचारलं. लंबू तिची मैत्रीण, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच. तिचा प्रकल्प जिवाणूंवर होता.

"माद्या आधीच लागलेल्या होत्या, बाटलीतल्याच तपकिरी नरांना. निदान काही."

"मग तपकिरी आहेत तेवढ्या तेलात टाक. कुणाला कळतंय?"

नको असलेल्या माश्या तेलाच्या बाटलीत टाकत. त्या बाटलीला सगळे मुडदेघर म्हणत.

"तपकिरी रंग पहिल्या पिढीत लपतो की दिसतो, हेच तर शोधायचंय," मुंगी म्हणाली. "मीच उचलून टाकल्या तर लपतोच म्हणायचं. मग माश्या कशाला हव्यात? घरी बसून लिहीन."

"तू ना, निकाल लागेपर्यंत अशीच खरी बोलत राहा. मग बस रडत."

तिने सरांना दाखवलं. सर कमी बोलणारे होते. त्यांनी बराच वेळ नळी उजेडाकडे धरली. "पुन्हा कर," ते म्हणाले. "वेळ आहे, पण मोजून. माझ्याकडे या जातीच्या दोनच बाटल्या उरल्यात. त्यातून माश्या तीन दिवस भरभरून निघतील, मग ओघ संपेल. ते तीन दिवस हुकले तर मला काही करता येणार नाही. परीक्षक बाहेरून येतात."

"हुकणार नाहीत, सर."

बाटल्यांतले कोष काळे पडू लागले, म्हणजे आता माश्या निघणार, तेव्हाच निधीच्या वार्षिक समारंभाची तारीख कळली. ती त्या तीन दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी होती. दुपारी तालीम, संध्याकाळी कार्यक्रम.

मुंगी निधी कार्यालयात गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणा मोठ्या माणसाला नाही म्हणायला निघाली होती. वाक्य तिने जिन्यातच जुळवून ठेवलं होतं.

"बाई, यंदा माझ्याऐवजी दुसरं कुणी बोललं तर चालेल का? माझ्या माश्या निघायच्यात त्या दिवशी."

बाईंनी चष्मा काढला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बस. चहा घेशील?"

"नको."

"अगं, मी जबरदस्ती करत नाही. अभ्यास आधी. पण मला सांग, आजोबा कुणाला ऐकायला येतात? त्यांचं वय झालंय. मुलगा कारखाना बघतो आता, त्याला यातलं काही कळत नाही. म्हाताऱ्याने यंदा हात मोकळा सोडला तर सोडला, पुढचं कुणी सांगावं." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ती कुरळी बसलीय बघ पायरीवर. पहिल्या वर्षाची. तिची फी कुणाच्या बोलण्यावर आलीय, माहितीये?"

मुंगीला माहीत होतं. कुरळ्या केसांची ती मुलगी तिला कुठेही दिसली की "ताई!" म्हणून हाक मारत पळत यायची, आणि पुढच्या वर्षी मीपण माश्याच घेणार म्हणायची.

"एकच दुपार," बाई म्हणाल्या. "कुणी मैत्रीण नाही का तासभर बघायला?"

जिन्यात जुळवलेलं वाक्य असं संपणार होतं, की मला जमणार नाही. ते तसंच राहून गेलं.

लंबू लगेच तयार झाली. मुंगीने तिला सगळं दोनदा सांगितलं, एकदा करूनही दाखवलं. भूल किती द्यायची, नर कसे ओळखायचे, पोट टोकाला काळं असतं ते नर, शंका आली तर ती माशी सरळ मुडदेघरात. "आणि या नळीत माझ्या पहिल्या दोन दिवसांच्या माद्या आहेत. त्यांनाही हलकी भूल दे आणि आजच्या त्यांच्यात मिसळ. सगळ्या एका ताज्या नळीत. तळाला घालायचं अन्न मी करून ठेवलंय."

"झालं? की त्यांना झोपवताना अंगाईपण म्हणू?"

"म्हण की."

"जा बाई. बाबांना पाडून ये."

समारंभ फार चांगला झाला. मुंगीने बाबांना दुसऱ्या मजल्यावरून खाली नेलं, चारपर्यंत मोजलं, आणि "या वर्षी मी पदवीधर होणार आहे" म्हटल्यावर लोक उभे राहिले. आजोबांनी माईक मागून घेतला. त्यांचा आवाज थरथरत होता. पुढच्या वर्षीपासून ते दुप्पट मुलं घेणार होते. निधीच्या बाईंनी मुंगीला घट्ट जवळ घेतलं. त्यांचा गाल ओला होता. मुंगीला वाटलं, बरं झालं आले.

सकाळी तिने प्रयोगशाळेचं दार उघडलं. नळी रॅकमध्ये सरळ उभी होती, तोंडाला कापसाचा बोळा नीट बसवलेला. लंबूने कागदाच्या पट्टीवर हसरा चेहरा काढून चिकटवला होता.

माद्या सगळ्या तळाशी होत्या, अन्नावर, पंख पसरून. काहींचे पाय अजून हलत होते.

भूल दिलेल्या माश्या नळीत घातल्या की नळी आडवी ठेवायची असते. त्या काचेवर झोपतात, जाग आली की चालू लागतात, मग नळी उभी करायची. उभ्या नळीत त्या थेट अन्नावर पडतात. ताजं अन्न चिकट असतं. पंख चिकटले की माशी सुटत नाही. मुंगी नळी आडवी ठेवायची ती बोलताबोलता, न बघता, जसं कुणी दार लोटतं. करून दाखवतानाही तिने ती तशीच ठेवली होती, आणि लंबू तेव्हा कुंचला धुवत होती. तोंडाने सांगायचं तिला सुचलंच नाही, कारण ती गोष्ट सांगायची असते हेच तिला माहीत नव्हतं.

तिने कुंचल्याने एकेक सोडवून बघितली. पंख तळाशी राहत आणि माशी तेवढी वर येई. बाटल्यांमध्ये रिकामे कोष होते, आणि रात्रीतून बाहेर पडलेले चार-सहा नर.

लंबू आली, तिने नळी बघितली, आणि तिचा चेहरा पडला. "मी काय केलं?"

"काही नाही. मी सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतंस?"

मुंगीने सांगितलं. लंबू तिथेच स्टुलावर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मुंगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्वतःला रडू येत नाही याचं तिला नवल वाटत होतं.

सरांनी परीक्षा विभागात जाऊन विचारलं. ते स्वतः गेले, त्यांच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल हे मुंगीला कळत होतं. परत आल्यावर ते खुर्चीवर बसले नाहीत. "निकालांशिवाय प्रकल्प मांडता येत नाही. वर्ष पुन्हा करावं लागेल. तू हुशार आहेस, एका वर्षाने काही..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. निधी पुन्हा करायच्या वर्षाची फी देत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

निधीच्या बाईंनी तिचं बोलणं ऐकलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "नियम माझा नाही गं. दात्यांनी घातलाय. एका मुलाला दोनदा दिलं तर दुसऱ्याचं एक वर्ष जातं." मग त्या म्हणाल्या, "आजोबांना सांगू नकोस, एवढं कर. आत्ताच दुप्पट म्हणालेत. आपली बोलणारी मुलगीच नापास झाली म्हटलं, तर त्यांचा मुलगा काय म्हणेल सांग."

"मी तुमच्या कार्यक्रमाला आले होते," मुंगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाईंनी मान खाली घातली.

घरी तिने जेवणं झाल्यावर सांगितलं. आईने ताट उचललं आणि हातातच धरून उभी राहिली. "मी लाँड्रीत रात्रपाळी मागते."

"रात्री बाबांना कोण उठवणार? माझ्याने एकटीने होत नाही."

"मग तू काम कर, पुढच्या वर्षी भर."

"फी एका वर्षाच्या पगारातून निघत नाही, आई. मी बघितलं करून."

बाबा पंख्याची जाळी मांडीवर घेऊन बसले होते. स्क्रू घट्ट करत होते, तो केव्हाच घट्ट झाला होता. "म्हणजे फुकटच पडलो म्हणायचं," ते म्हणाले. नेहमीच्याच सुरात म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना आजोबा निरोपाचं जेवण देत. मुंगीला बोलावणं होतं, यादी आधीच गेली होती. बाईंनी तिला दारातच गाठलं आणि नुसतं तिच्याकडे बघितलं. मुंगी आजोबांच्या शेजारी बसली. सूप येईपर्यंत तिने वाट बघितली. एका वर्षाची फी त्यांच्यासाठी काय होती? ते नुसते हो म्हणाले असते तरी पुरलं असतं.

"आजोबा, माझा प्रकल्प झाला नाही. माश्या मेल्या. मी नापास होणार आहे."

आजोबांनी चमचा ठेवला. तिच्या हातावर आपला हात ठेवला. कातडी पातळ, गरम होती. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, मी तीनदा नापास झालो! मॅट्रिकला! तीनदा! वडिलांनी घराबाहेर काढलं, म्हणून तर झाकणं करायला लागलो. पास झालो असतो तर आज कुठे कारकुनी करत असतो." ते मनापासून हसत होते. "नापास झालीस म्हणून घाबरू नकोस. उलट तुला आता कुणी अडवणार नाही."

"पण आजोबा, मला पुन्हा वर्ष..."

"पुन्हा कर! दहादा कर! मी सांगतो, ज्याने मार खाल्ला नाही तो माणूसच नाही." त्यांनी पलीकडच्या गृहस्थांना कोपराने ढोसलं. "ऐकलंत का, ही पोरगी नापास झाली, आणि बघा कशी ताठ बसलीय. याला म्हणतात हिंमत!"

पलीकडच्या गृहस्थांनी तिच्यासाठी पाण्याचा ग्लास उंचावला. टेबलाच्या टोकाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुंगीला दिसलं, की आजोबांनी तिचं सगळं ऐकलं होतं आणि त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्यांना वाटत होतं, आपण तिला काहीतरी देतोय. पुन्हा वर्ष करण्याला पैसे लागतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते त्यांच्या आयुष्यातून इतकं लांब गेलं होतं, की त्या वाक्यात ते त्यांना दिसतच नव्हतं. पैशाचा शब्द तिच्या जिभेवर आला. इतकी वर्षं तिने तो एकदाही उच्चारला नव्हता, बाईंनी पहिला धडाच तो दिला होता, मागायचं नाही, फक्त सांगायचं. तिचं चारपर्यंत मोजून झालं तरी तो शब्द बाहेर आला नाही. आजोबा तोवर मॅट्रिकच्या दुसऱ्या खेपेवर पोचले होते.

निकाल लागला. लंबू पास झाली आणि पेढे न वाटता घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात निधीच्या बाईंनी मुंगीला बोलावून नोकरी देऊ केली. कार्यालयात मदतनीस. पगार आईच्या पगाराएवढा. "तुला दाते ओळखतात. तुझ्याशिवाय मला सुचत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी हे तिच्यासाठी वरच्यांशी भांडून मिळवलं होतं, हे तिला नंतर कळलं. तिने नोकरी घेतली. टेबल खिडकीपाशी होतं. तिथून प्रयोगशाळेची इमारत दिसायची. दुपारच्या वेळी ती खुर्चीची पाठ खिडकीकडे करून बसे.

नवं वर्ष सुरू झालं तसं बाईंनी सांगितलं, "यंदा बोलायला कुणीतरी हवं. तू निवड. तुला कळतं."

निधीची मुलं एकेक करून आत येऊ लागली. पहिला मुलगा आभार मानत राहिला. दुसरी मुलगी पाठ केलेलं विसरली. तिसरी आली ती कुरळी. आता ती दुसऱ्या वर्षाला होती. तिने दार लोटून घेतलं, मुंगीकडे बघून हसली, आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"बोलू, ताई?"

"बोल."

"माझी आई गाडीतळावर चहा विकते," कुरळी म्हणाली. "शेवटची गाडी गेली की ती किटली उलटी करते. उरलेला चहा ओतून देताना ती दुसरीकडे बघते. मला वाटायचं, तिला वास सहन होत नाही."

आणि ती थांबली. कुणी शिकवलं नसताना, बरोबर तिथेच.

मुंगीच्या अंगावर काटा आला. अशी मुलगी निधीला पुन्हा कधी मिळणार नव्हती. लोक रुमाल काढतील. बाई हिला घट्ट जवळ घेतील. हिला प्रत्येक जेवणाला बोलावतील, आणि ही प्रत्येक जेवणाला जाईल.

"तू माश्या घेतल्यास ना?" मुंगीने विचारलं.

"हो ताई! सरांनी बाटली दिली कालच, आतापासून हात बसावा म्हणून. मी रोज दुपारी..."

"तुला बोलायला जमत नाही," मुंगी म्हणाली.

कुरळीचा चेहरा तसाच राहिला, हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "काय चुकलं?"

"सगळंच. खोटं वाटतं. आईचं नाव घेऊन रडवायला बघतेस असं वाटतं."

"ते खरं आहे. किटलीचं खरं आहे, ताई."

"असेल. ऐकणाऱ्याला तसं वाटत नाही."

"मी पुन्हा म्हणून दाखवू? वेगळं?"

"नको. पुन्हा विचारूही नकोस. बाईंकडेही जाऊ नकोस, मी त्यांना सांगणार आहे तुझं नाही जमलं."

कुरळीने मागे बांधलेले हात सोडले. तिचे डोळे भरले नाहीत, कोरडे आणि लहान झाले. "तुम्हाला वाटतं तुमच्यासारखं कुणालाच येत नाही," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने मुंगीला तुम्ही म्हटलं. मग ती वळली आणि दार उघडं टाकून गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आधी सावकाश, मग भराभर खाली गेला.

दाराबाहेर बाकावर अजून दोघंजण बसली होती. एका मुलाचे ओठ हलत होते, तो मनातल्या मनात म्हणत होता. त्याचा शर्ट नवा होता, कॉलरखाली टाचणी राहून गेली होती. कोणत्या विषयाचा आहे ते तिने त्याला विचारलं नाही.

"पुढे कोण आहे?" मुंगी म्हणाली. "ये, आत ये."